राजस्थान पोलिसांवरील प्रयोग : आदेश, अंमल आणि मधला अधिकारी

लष्कर, पोलीस आणि कंपन्यांतील अधिकाऱ्यांवर आपल्या विद्यापीठांतून जे प्रबंध लिहिले जातात, त्यांतले बरेचसे प्रश्नावलीवर उभे असतात. अधिकाऱ्याला त्याचे कार्यसमाधान, त्याच्यावरचा ताण, त्याची नेतृत्वशैली यांविषयी विचारले जाते, उत्तरांचे गुण काढले जातात आणि त्या गुणांचा परस्परसंबंध तपासला जातो. ही पद्धत निरुपयोगी मुळीच नाही. परंतु शिस्तबद्ध दलातला अधिकारी अनोळखी संशोधकासमोर काय बोलतो आणि रात्री उशिरा ठाण्यात आलेल्या फिर्यादीशी कसा वागतो, यांतले अंतर तिच्या हाती लागत नाही. हे अंतर थेट मोजण्याचा एक मोठा प्रयत्न २००० नंतरच्या दशकात राजस्थान पोलीस दलात झाला, आणि अधिकाऱ्यांवर संशोधन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो बारकाईने वाचावा असे मला मनापासून वाटते. या प्रकरणात यशाइतकेच अपयशही नोंदले गेले आहे, आणि त्या अपयशाच्या नोंदीतून पोलीस ठाण्याच्या कारभाराविषयी अधिक कळते.

पार्श्वभूमी

भारतीय पोलिसांचा सांगाडा १८६१ च्या पोलीस कायद्याने उभा राहिला. १८५७ च्या उठावानंतरच्या सरकारला जनतेला उत्तरदायी असणारे दल नको होते, आदेश पाळणारे दल हवे होते, आणि स्वातंत्र्यानंतरही ही रचना बव्हंशी तशीच राहिली. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८१ पर्यंत एकामागून एक आठ अहवाल दिले. त्यांतील शिफारशी वर्षानुवर्षे कपाटात राहिल्या. अखेर निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले आणि जिल्हा पोलीस अधीक्षकापासून ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यापर्यंत प्रत्यक्ष क्षेत्रात काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळावा असे स्पष्ट सांगितले. राजस्थानने २००७ मध्ये स्वतःचा नवा पोलीस कायदा केला.

बदलीचा प्रश्न न्यायालयापर्यंत का जावा, हे राजस्थानच्या एका रूढ शब्दावरून समजते. तिथे आमदाराने बदलीसाठी दिलेल्या शिफारसपत्राला सरळ ‘डिझायर’ म्हणतात. हा शब्द कुठल्याही नियमावलीत नाही, तरी सरकारी नोकरीतला शिक्षक असो वा पोलीस, सर्वांना तो ठाऊक असतो. ज्या अधिकाऱ्याचा मुक्काम अशा पत्रावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी तपास नीट करणे आणि ठाण्यात टिकून राहणे ही दोन वेगवेगळी कामे होऊन बसतात.

प्रयोगाची रचना

या पार्श्वभूमीवर राजस्थान पोलिसांनी अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाशी हातमिळवणी केली. त्यात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो, कोलकात्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि डॅनियल केनिस्टन हे होते. बॅनर्जी आणि डफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. (बॅनर्जी यांच्या आई निर्मला बॅनर्जी माहेरच्या पाटणकर, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव अगदी परके नाही.) गटातील पाचवे नाव माझ्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय आहे. नीना सिंह या राजस्थान संवर्गातील भारतीय पोलीस सेवेच्या अधिकारी होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये त्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या महासंचालकपदी पोहोचलेल्या पहिल्या महिला ठरल्या. ज्या दलावर संशोधन चालले होते त्याच दलातील सेवारत अधिकारी लेखकांच्या पंक्तीत असणे ही गोष्ट आपल्याकडे आजही दुर्मीळ आहे.

प्रयोगासाठी ११ जिल्ह्यांतील १६२ पोलीस ठाणी घेण्यात आली आणि कोणत्या ठाण्यात कोणता बदल करायचा हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने ठरवण्यात आले. या पद्धतीचा हेतू सरळ आहे. एखाद्या उत्साही अधीक्षकाने आपल्या जिल्ह्यात सुधारणा केली आणि तिथले काम सुधारले, तर श्रेय सुधारणेचे की अधीक्षकाचे हे ठरवता येत नाही. ठाणी यादृच्छिकपणे निवडली की ही शंका बऱ्याच अंशी दूर होते.

बदल चार होते. पहिला, कर्मचाऱ्यांच्या प्रशासकीय बदल्या ठरावीक काळासाठी गोठवणे. दुसरा, सेवेतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, ज्यात शास्त्रोक्त तपासाबरोबरच संवाद, मध्यस्थी आणि ताण हाताळणे यांचाही समावेश होता. तिसरा, कामाच्या पाळ्या फिरवून प्रत्येकाला आठवड्यातून एक हक्काची सुट्टी देणे. चौथा, परिसरातील सामान्य नागरिकांनी निरीक्षक म्हणून ठाण्यात येऊन बसणे. काही ठाण्यांत यांतला एकच बदल झाला, काहींत एकाहून अधिक.

परिणाम मोजण्यासाठी वापरलेली साधने मला या अभ्यासाचा गाभा वाटतात. दाखल गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी संशोधकांनी मुख्य कसोटी मानली नाही, आणि ते योग्यच होते. ठाणे चांगले चालू लागले की लोक तक्रार घेऊन येतात, तक्रार नोंदली जाते आणि कागदावर गुन्हे वाढलेले दिसतात. ठाणे वाईट चालते तेव्हा आलेल्या माणसाला परतवून आकडा खाली ठेवला जातो. आपल्याकडे दखलपात्र तक्रार ‘एन. सी.’ (अदखलपात्र) म्हणून नोंदवून फिर्यादीची बोळवण केली जाते, तोच हा प्रकार. म्हणून संशोधकांनी घरोघरी जाऊन गुन्ह्याला बळी पडलेल्यांचे आणि सर्वसामान्य नागरिकांचे मोठे सर्वेक्षण केले, पोलीस कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्याखेरीज ठाण्यांत तोतया तक्रारदार पाठवले.

हा तोतया तक्रारदार म्हणजे प्रशिक्षित सर्वेक्षक. तो साध्या वेशात ठाण्यात जाई, बनावट घटनेची तक्रार सांगे आणि आपल्याशी कसे वागले जाते, तक्रार नोंदवून घ्यायची तयारी दिसते का, हे टिपून घेई. खोटी फिर्याद देणे हा गुन्हा असल्यामुळे प्रत्यक्ष नोंद होण्याच्या आधी तो आपली खरी ओळख देत असे. एवढ्या काळजीनेही एक गोष्ट टळली नाही. असे कुणीतरी येऊ शकते हे कळल्यावर ठाण्यांचे वागणे बदलले. केवळ मोजमापासाठी आखलेली ही भेट स्वतःच एक सुधारणा ठरली आणि तिच्यामुळे तक्रारी नोंदवून घेण्याचे प्रमाण सुधारल्याचे संशोधकांनी नमूद केले.

काय टिकले, काय टिकले नाही

निष्कर्ष २०१२ मध्ये प्राथमिक स्वरूपात आणि २०२१ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०१२ च्या मांडणीनुसार बदल्या गोठवणे आणि प्रशिक्षण या दोन बदलांचा परिणाम स्पष्ट दिसला. पोलिसांचे काम सुधारले आणि नागरिकांचे व गुन्ह्याला बळी पडलेल्यांचे समाधानही वाढले. साप्ताहिक सुट्टी, पाळ्यांची अदलाबदल आणि नागरिक निरीक्षक यांचा मात्र भरवशाचा परिणाम आढळला नाही.

घाईने वाचणारा यावरून असा अर्थ काढील की पोलिसाला आठवड्याची सुट्टी दिल्याने काही फरक पडत नाही. हा अर्थ चुकीचा आहे, आणि एखाद्या मंत्रालयीन टिप्पणीत तो ‘संशोधनाने सिद्ध झालेले’ म्हणून शिरला तर हजारो शिपायांवर अन्याय होईल, म्हणून इथे थोडे थांबले पाहिजे. संशोधकांनी स्वतःच दिलेले स्पष्टीकरण असे आहे की, जे बदल फसले त्यांना स्थानिक अधिकाऱ्यांच्या किंवा स्थानिक लोकांच्या सातत्यपूर्ण सहकार्याची गरज होती आणि ते सहकार्य टिकले नाही. सुट्टीचा परिणाम तपासायचा, तर आधी सुट्टी मिळायला हवी. आदेश निघाला, काही काळ पाळला गेला आणि हळूहळू ठाणी पूर्वपदावर आली. प्रयोगाने सुट्टी नापास केलेली नाही. सुट्टीचा आदेश ठाण्यात कसा विरतो, एवढेच त्याने दाखवले.

चारही बदल या नजरेने पुन्हा पाहिले की एक रेषा दिसते. बदल्या गोठवण्यासाठी वरच्या अधिकाऱ्याने काहीच करायचे नसते, फक्त बदलीचा कागद काढायचा नसतो. प्रशिक्षण एकदा झाले की शिकलेले त्या माणसाबरोबर राहते; ते दर सोमवारी नव्याने मंजूर करून घ्यावे लागत नाही. याउलट सुट्टी दर आठवड्याला, पाळी दर पाळीला आणि निरीक्षकाची खुर्ची दररोज कुणीतरी नव्याने द्यावी लागते. तो ‘कुणीतरी’ म्हणजे ठाण्याचा प्रभारी, ज्याला राजस्थानात थानाधिकारी म्हणतात. जयपूरच्या मुख्यालयात एकमत झालेले असले, तरी प्रत्येक आठवड्याचा निर्णय त्याच्याच टेबलावर होतो.

थानाधिकारी असा का वागतो? याचे उत्तर त्याच्या दुष्टपणात शोधणे मला पटत नाही. त्याच्या हाताखालच्या माणसांचा पगार, बढती किंवा मोठे बक्षीस त्याच्या हातात नसते. रजा, सुट्टी आणि ड्यूटी लावणे एवढेच त्याच्याजवळचे चलन असते, आणि सुट्टी हक्काची झाली की त्यातला मोठा वाटा संपतो. शिवाय मंजूर संख्याबळापेक्षा कमी माणसे असलेल्या ठाण्यात अचानक बंदोबस्त लागला, मंत्र्यांचा दौरा आला, दोन गावांत तणाव झाला, तर सुट्टीवरच्या माणसाचा जाब त्यालाच द्यावा लागतो. सुट्टी दिल्याबद्दल त्याची पाठ कुणी थोपटत नाही. हे माझे वाचन आहे, अभ्यासाचा निष्कर्ष नाही. पण मधल्या अधिकाऱ्यासमोरचा हा हिशेब धरल्याशिवाय निकालाचा उलगडा होत नाही.

बदल्या थांबल्याने नेमके कशामुळे काम सुधारले असावे, याचेही एकच उत्तर नाही. माणूस एका ठाण्यात राहिला की त्याला गल्ल्या, घरे, जुनी भांडणे आणि सराईत चेहरे कळू लागतात. आज हाती घेतलेला तपास न्यायालयात जाईपर्यंत आपणच इथे असू असे वाटले की कागद नीट होतात. आणि बदलीची धमकी निष्प्रभ झाली की बाहेरून आलेल्या फोनला नकार देण्याचे धैर्य थोडे वाढते. यांतील तिसरे कारण राजकीयदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे असले, तरी सर्वेक्षणातून ते वेगळे काढणे सर्वांत अवघड आहे.

नाकाबंदीचा दुसरा प्रयोग

याच गटातील संशोधकांनी २०१०-११ च्या सुमारास राजस्थानात मद्यपी वाहनचालकांविरुद्धच्या नाकाबंदीवर आणखी एक प्रयोग केला. काही ठाण्यांच्या हद्दीत नाकाबंदी दर वेळी एकाच, सर्वांत योग्य वाटणाऱ्या जागी लावली गेली. काहींत ती तीन जागांमध्ये फिरती ठेवली गेली. फिरत्या नाकाबंदीने रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले, तर ठरलेल्या जागेवरच्या नाकाबंदीचा लक्षणीय परिणाम दिसला नाही, कारण पोलीस कुठे उभे असतात हे चालकांना लवकरच कळते आणि ते दुसरा रस्ता धरतात.

वाहतूक नियोजनाच्या दृष्टीने हे आकडे महत्त्वाचे आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरी तुलना अधिक मोलाची आहे. काही ठिकाणी नाकाबंदी ठाण्याच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांनी केली, काही ठिकाणी जिल्ह्याच्या पोलीस लाइनमधून, म्हणजे ठाण्यांवर नेमणूक नसलेल्या राखीव पोलिसांच्या तळावरून, खास पथके आणली गेली. उत्तर भारतात ‘लाइन हाजिर’ होणे ही जवळजवळ शिक्षाच मानली जाते. महाराष्ट्रात एखाद्याला ‘कंट्रोल रूमला टाकले’ म्हणतात, तसे. तरीही ठरल्या दिवशी, ठरल्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन उभे राहण्यात लाइनमधली पथके ठाण्याच्या कर्मचाऱ्यांपेक्षा सरस ठरली. त्यांच्यावर इतर कामांचा बोजा नव्हता, त्यांच्या वाहनांच्या हालचालींवर उपग्रहाधारित यंत्रणेने लक्ष ठेवले जात होते आणि चांगल्या कामातून लाइनबाहेर पडण्याची आशा त्यांना होती. माणसे त्याच दलातली, वर्दी आणि पगारही तोच. फरक इतकाच की हे एकच काम करायचे आहे आणि ते केले तर आपले काही भले होईल, हे त्यांना ठाऊक होते.

कंपन्यांमधला समांतर पुरावा

पोलीस हे वेगळेच जग आहे असे वाटत असेल, तर मुंबईच्या परिसरातील कापड गिरण्यांवरचा अभ्यास पाहावा. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या पट्ट्यातील १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांत प्रयोग केला. निवडक कारखान्यांना महिनोन्‌महिने मोफत व्यवस्थापन-सल्ला देण्यात आला: मालसाठ्याची नोंद, यंत्रांची वेळच्या वेळी देखभाल, दोषांची रोजची तपासणी. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. काही वर्षांनी संशोधक परत गेले, तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सोडून दिल्या गेल्या होत्या, तरी सल्ला मिळालेले कारखाने इतरांच्या पुढेच होते. पद्धती का सुटल्या याची जी कारणे सर्वाधिक सांगितली गेली, त्यांत दोन ठळक होती: कारखान्याचा व्यवस्थापक बदलला आणि मालकाला लक्ष द्यायला वेळ मिळाला नाही.

तारापूरचा व्यवस्थापक आणि राजस्थानचा थानाधिकारी यांच्या कामात साम्य फारसे नाही, पण संघटनेतले त्यांचे स्थान एकच आहे. दोघेही धोरण ठरवत नाहीत आणि दोघांवाचून धोरण पुढे सरकत नाही. लष्करात कंपनी कमांडरविषयी, म्हणजे ‘कंपनी’ नावाच्या तुकडीच्या प्रमुखाविषयी, हाच प्रश्न विचारता येतो, मात्र तिथे नेमणुकांचे यादृच्छिक प्रयोग करणे सुरक्षेच्या आणि नैतिकतेच्या कारणांनी फारच कठीण आहे.

अभ्यासाच्या मर्यादा

राजस्थानचा अभ्यास कितीही काळजीपूर्वक केलेला असला तरी त्याच्या काही मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. काही ठाण्यांतील बदल्या थांबवल्या, तरी शिफारसपत्रांचा ओघ थांबत नाही. तो शेजारच्या ठाण्यांकडे वळू शकतो, आणि तसे झाले तर तुलनेसाठी ठेवलेली ठाणी आपोआप अधिक अस्थिर होतात. संपूर्ण राज्यात बदल्या गोठवल्या तर परिणाम तेवढाच येईल, असे म्हणूनच धरून चालता येत नाही. कालावधीचाही प्रश्न आहे. एका जागी दोन वर्षे राहिल्याने ओळखी वाढतात आणि तपास सुधारतो; दहा वर्षे राहिल्याने त्याच ओळखी हितसंबंध होऊ शकतात. बदलीचे तत्त्व मुळात याच भीतीतून आले होते आणि ती भीती खोटी नाही.

दलातील अधिकारी सहलेखक असण्याचे फायदे उघड आहेत: दार उघडते, परवानगी मिळते, कोणता आदेश कोणत्या स्वरूपात निघाला तर ठाण्यात वाचला जाईल हे कळते. पण मुलाखतीला बसलेल्या शिपायाला आपले उत्तर शेवटी मुख्यालयात पोहोचेल असे वाटू शकते. लोकांचे सर्वेक्षण आणि तोतया भेटी ही बाहेरची साधने सोबत असल्यामुळेच हा दोष बऱ्याच अंशी झाकला गेला. केवळ मुलाखतींवर हा अभ्यास उभा असता, तर मी त्यावर इतका विश्वास ठेवला नसता.

महाराष्ट्रासाठी यातून काय शोधता येईल

मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. तो त्याच ठाण्यातील एका कर्मचाऱ्याने मांडलेल्या आराखड्यावर आधारलेला होता आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी त्याला पाठबळ दिले. पुढे तो शहरातील इतर ठाण्यांतही नेण्यात आला. राजस्थानच्या तुलनेत इथला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. कल्पना खालून आली होती आणि दलाच्या प्रमुखाने ती आपली मानली होती. मात्र सुरुवातच एका ठाण्यापासून झाल्यामुळे, तुलनेसाठी ठाणी आधी निवडून पाळीचा तपासावर आणि फिर्यादींच्या अनुभवावर झालेला परिणाम मोजण्याची संधी हातून गेली.

मध्य प्रदेशात पुढे ही संधी घेतली गेली. संदीप सुखटणकर, गॅब्रिएल क्रुक्स-विस्नर आणि अक्षय मंगला यांनी तिथल्या १८० ठाण्यांमध्ये महिला मदत कक्षांचा अभ्यास केला. ‘ऊर्जा’ नावाने चाललेल्या या कक्षांमुळे महिलांवरील हिंसेच्या तक्रारी नोंदवून घेण्याचे प्रमाण वाढले, आणि प्रथम खबरी अहवाल वाढले ते विशेषतः जिथे कक्ष महिला अधिकाऱ्यांकडे सोपवलेला होता तिथे. निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तत्पूर्वीच राज्याने ही योजना ७०० ठाण्यांपर्यंत वाढवली होती. ठराविक काम, ठराविक जागा आणि त्यासाठी नेमलेली ठराविक व्यक्ती, ही नाकाबंदीच्या पथकांत दिसलेलीच गोष्ट इथे पुन्हा दिसते.

महाराष्ट्रातील संशोधकाला असा मोठा प्रयोग उभारण्याची परवानगी लगेच मिळेल असे नाही, पण त्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. आपल्या पोलीस ठाण्यांत प्रभारी अधिकाऱ्याच्या कक्षात सहसा एक फलक असतो, ज्यावर आजवरच्या प्रभारींची नावे आणि त्यांच्या कार्यकाळाच्या ‘पासून’ व ‘पर्यंत’च्या तारखा रंगवलेल्या असतात. एका परिक्षेत्रातील ठाण्यांच्या या तारखा एकत्र केल्या, त्यांच्या बाजूला त्या त्या काळातील तपासाला लागलेला वेळ, दोषारोपपत्रे आणि न्यायालयांतील निकाल मांडले, आणि प्रभारी मुदतीआधी बदलला गेला तेव्हा चालू तपासांचे काय झाले हे पाहिले, तर कार्यकाळाविषयीचा न्यायालयीन निर्देश प्रत्यक्षात किती पाळला गेला आणि न पाळल्याची किंमत फिर्यादीला किती पडली, हे दोन्ही एकाच अभ्यासात तपासता येईल.